ओडम गेला आणि ठमीही निघाली

कॅटन्सव्हिल, मेरीलँड
३० मार्च २०२५, पाडवा

प्रिय बंड्या,

ओडम व्हर्जिनिया विद्यापीठाकडे गेला! आपल्या कॉलेजच्या, यूएमबीसीच्या, बास्केटबॉल संघाचा जुना प्रशिक्षक, आपला रायन ओडम! घरात सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं, मग?" म्हणून तुला लिहायला बसलो. मेसेज केला असता तर तू अंगठा पाठवून मोकळा झाला असतास.

तब्येत ठीक. साखर काठावर, गुडघा कुरकुरतो. पुढे.

शार्लटचा २०१८चा तो सामना, ज्यात आपण व्हर्जिनियाला हरवलं, मी परवा पुन्हा पाहिला. व्हर्जिनियाला पहिलं मानांकन, आपल्याला सोळावं. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्यांशी तोवर १३५ वेळा खेळले होते आणि १३५ वेळा जिंकले होते. आपल्या वेळी यूएमबीसीची 'फायनल फोर' (शेवटच्या चार संघांची फेरी) म्हणजे बुद्धिबळाची, आणि आपलं खेळाशी नातं म्हणजे परीक्षेआधी कॅम्पसवरच्या कुत्र्याच्या पुतळ्याचं, ट्रू ग्रिटचं, नाक चोळण्यापुरतं. त्याच जानेवारीत ऑल्बनीने आपल्याला ४४ गुणांनी झोडपलं होतं. हाफ टाइमला २१-२१ झालं तेव्हा तू फोनवर काय म्हणालास? "झालं, आता हाणतील. मी चक्का आणायला जातो." दुसऱ्या दिवशी पाडवा होता, मान्य. पण पुढच्या वीस मिनिटांत पोरांनी ५३ गुण केले रे! व्हर्जिनिया त्या मोसमात अख्ख्या सामन्यात साधारण तेवढेच देत असे. एकट्या लाइल्सचे २८. आणि तो मौरा, पाच फूट आठ इंच, सगळ्यांच्या काखेखालून पळत होता. ७४-५४! आणि तू डेअरीच्या रांगेत. वहिनींनी पाठवलं म्हणून अजून सांगतोस. वहिनी म्हणतात, आमच्याकडे श्रीखंड तयारच आणतात.

असो. काळजी वेगळीच आहे. आमच्या पोरीला, ठमीला, व्हर्जिनिया विद्यापीठात प्रवेश मिळालाय. यूएमबीसीतही मिळालाय. आम्ही इथलेच रहिवासी, त्यामुळे इथली फी झेपेल. व्हर्जिनियाची बाहेरच्यांसाठीची फी चौपट, राहणं-जेवण वेगळं. १ मेपर्यंत कळवायचंय. घरावर कर्ज काढता येईल, पण मग धाकट्याच्या वेळी काय? बायको म्हणते, निघेल काहीतरी. 'काहीतरी' कुठून निघतं हे या घरात फक्त मला माहीत आहे.

यूएमबीसी का नको, तर "बाबा, ते फार जवळ आहे." तेच तर चांगलं आहे म्हटलं, तर डोळे फिरवले. २०१८ ला हीच पोरगी काळा-पिवळा शर्ट घालून सोफ्यावर नाचत होती. आता मला २०१९ ऐकवते. व्हर्जिनिया पुढच्या वर्षी परत आली, पहिल्याच सामन्यात पुन्हा सोळाव्या मानांकनाच्या गार्डनर-वेबकडून १४ गुणांनी मागे पडली आणि तरी सावरली. पर्ड्यूविरुद्ध डियाकिटेने शेवटच्या क्षणी ओव्हरटाइम गाठून दिला. ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरलेले असताना कायल गायने तिन्ही फ्री थ्रो घातले, ६३-६२. मग टेक्सस टेकला ८५-७७ ने हरवून अजिंक्यपद. हे सगळं मला पाठ आहे. फायनलच्या वेळी तू व्हर्जिनियाच्या बाजूने बोंबलत होतास म्हणून मी तुझा फोन घेत नव्हतो, विसरलास? ठमी नेमकं तुझंच वाक्य बोलते: "त्यांनी परत येऊन दाखवलं ना!"

अरे, परत यायला त्यांच्याकडे सगळं शाबूत होतं. प्रशिक्षक बेनेट होता, संघ जवळजवळ तोच होता, वर पहिलं मानांकनही पुन्हा मिळालं. आणि आपलं? दोन दिवसांनी कॅन्सस स्टेटकडून ५०-४३ हरलो, झालं. मग ओडम यूटा स्टेटला गेला, तिथून व्हीसीयूला, आणि आता ज्यांना हरवलं त्यांच्याकडेच. ते हरूनही सगळं राखून बसले, आपण जिंकूनही माणसं घालवली. ठमी यातून बरोब्बर उलटा धडा काढते: जिथे हरलं तरी चालतं, तिथेच शिकायला जावं. यावर मला उत्तर सुचत नाही, आणि त्यासाठी कर्ज काढायचं की नाही, हेही ठरत नाही. तिचं चुकतंय म्हणावं, तर आपण दोघं तरी सांगली सोडून इथे का आलो होतो?

ओडमवर राग नाही. बाप तिथे सहायक प्रशिक्षक असताना हा तिथेच चेंडू आणून देणारा पोरगा होता. म्हणजे तो घरीच गेला. पण ठमीचं घर इथे आहे ना!

बायकोला यातलं काही बोललो तर ती म्हणते, तुला पैशाची काळजी आहे की त्या कुत्र्याच्या पुतळ्याची? दोन्हीची, समज.

तू ठमीला एकदा फोन कर. तुझं ऐकते ती. पण तिची बाजू घेणार असशील तर आधी मला सांग, म्हणजे नंबर देत नाही.

काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटवर सह्या झाल्या की तो तळमजल्यावाला अजून अडून बसलाय? नव्या नोकरीचं तू अर्धवटच सांगितलंस, ते नीट लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या

ता.क. फोन रविवारी कर, बायको देवळात असते तेव्हा.