सिग्नल बंद पडतो तेव्हा

महोदय, परवा संध्याकाळी घोडबंदर रोडला एका चौकात सिग्नल बंद पडला आणि पाच मिनिटांत रिक्षा, बस, कंटेनर, बाईकवाले सगळे एकमेकांच्या नाकाला नाक लावून अडकले, हॉर्न तर विचारूच नका. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ मध्ये लिहिलं की वर सत्ता नसेल तर सगळ्यांचं सगळ्यांशी युद्ध. आपल्याकडे कौटिल्याने हेच कितीतरी आधी मत्स्यन्याय म्हणून सांगितलंय, मोठा मासा छोट्याला गिळतो, इथे मोठा मासा म्हणजे कंटेनर.

मग एक रिक्षावाले काका उतरले, खांद्यावरचा नॅपकिन फडकवत एकेक बाजू सोडायला लागले, ना शिट्टी ना पावतीबुक, तरी लोकांनी चक्क ऐकलं! म्हणजे दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणतो ते मला जास्त पटतं, की बरंवाईट माणसाला सरकारच्या आधीपासून कळतं, फक्त निवाडा करायला कोणीतरी तटस्थ लागतो. अर्थात काकांची पाठ वळली की बाईकवाले घुसतच होते (त्यात मी पण, खोटं कशाला बोलू). वीसेक मिनिटांनी हवालदार आले आणि त्यांनी सगळ्यात आधी काय केलं, तर काकांनाच रिक्षा बाजूला घ्यायला लावली.

– एक वाचक, ठाणे (प.)