पुढचा ब्रेक मुद्दाम ढिला ठेवलेली सायकल विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सायकलचा पुढचा ब्रेक आणि माहितीपुस्तिकेतील धोकादायक सूचना

महोदय,

आपल्या कंपनीची गिअरची सायकल मी साताऱ्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मुलीसाठी घेतली. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. फ्रेम, गिअर, टायर यांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार ब्रेकची आहे आणि ती माझ्या एकट्याच्या सायकलपुरती नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना रस्ता उताराचा आहे. नुकतीच पावसाची भुरभुर होऊन गेली होती. पुढची रिक्षा अचानक थांबली आणि मुलीने दोन्ही ब्रेक दाबले. उजवा लिव्हर थेट मुठीला टेकला, पुढचा ब्रेक लागलाच नाही. मागचे चाक मात्र जागीच अडकले आणि सायकल आडवी होऊन घसरत गेली. कोपर आणि गुडघा सोलवटला, मनगट सुजले. मागून मोठी गाडी येत नव्हती म्हणून एवढ्यावर निभावले.

सायकल दुकानात नेली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "मुलांच्या सायकलला पुढचा ब्रेक आम्ही ढिलाच ठेवतो. जोरात लागला की पोरं तोंडावर पडतात." त्याला एकट्याला दोष देता येत नाही, कारण आपल्या पुस्तिकेतही 'सुरक्षिततेसाठी मागचाच ब्रेक वापरावा' असेच छापले आहे.

ही सूचना चुकीची आहे. ब्रेक लागला की सायकलचा आणि चालवणाऱ्याचा भार पुढे जातो. पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते, मागचे हलके होते. हलके झालेले चाक रस्ता धरत नाही, थोडा जोर वाढला की घसरते. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला पुढच्या ब्रेकच्या साधारण दुप्पट अंतर लागते. ताशी २० किलोमीटर वेगात हा फरक सुमारे ३ आणि ६ मीटर इतका पडतो. रहदारीत हे ३ मीटर कोठून आणायचे?

मुले तोंडावर पडतात हे खोटे नाही. पण घाबरून लिव्हर एकदम करकचून दाबला आणि हात सैल असले, तर सायकल थांबते आणि शरीर पुढे जात राहते, म्हणून ती पडतात. त्यावरचा उपाय शिकवण्याचा आहे. दोन्ही ब्रेक एकत्र दाबावेत, पुढच्यावरचा जोर क्रमाक्रमाने वाढवावा, हात ताठ रोवून अंग सीटच्या मागे न्यावे. मागचे चाक घसरू लागले किंवा उचलल्यासारखे वाटले, तर पुढचा ब्रेक थोडा सोडावा. खडी, चिखल आणि वळण या ठिकाणी पुढच्या ब्रेकवर जोर देऊ नये. वळणाआधीच वेग कमी करावा. ओल्या रिमवरचे पाणी ब्रेकच्या रबराने आधी पुसले जावे लागते, म्हणून पावसात लवकर ब्रेक दाबायला सुरुवात करावी. आमच्या भागातील मुले सुट्टीच्या दिवशी कासला जातात आणि यवतेश्वरचा घाट उतरून येतात. त्यांना हे कोणी सांगायचे? पुस्तिकेत यातले एक वाक्यही नाही.

शिवाय पुस्तिकेतील चित्रात पुढचा ब्रेक डाव्या हाताला दाखवला आहे. अमेरिकेतील सायकलींना तो सहसा डावीकडे असतो. आपण आम्हाला विकलेल्या सायकलला तो उजवीकडे आहे, स्कूटरला असतो तसाच. चित्र पाहून शिकणारे मूल ऐनवेळी कोणता लिव्हर दाबेल, याचा विचार आपण करावा. लिव्हर मुठीच्या जवळ आणायचा लहान स्क्रू या सायकलला आहे, पण सायकल देताना मुलीच्या हाताच्या मापाने तो कोणी फिरवून दिला नाही. पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. ब्रेकची संपूर्ण तपासणी आपल्या खर्चाने करून द्यावी आणि उपचारांचा खर्च भरून द्यावा. पुढचा ब्रेक ढिला ठेवण्याची पद्धत बंद करण्याचे लेखी आदेश सर्व विक्रेत्यांना द्यावेत. चित्र आणि सूचना दुरुस्त करून नवी मराठी पुस्तिका, ज्यांनी हे मॉडेल आधीच घेतले आहे त्यांनाही पाठवावी. या शेवटच्या मागणीवर मी तडजोड करणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार, वस्तूच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर येते. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. सायकल सध्या घरीच, होती त्याच अवस्थेत ठेवली आहे. आपला तंत्रज्ञ कधी येणार ते कळवावे.

आपला,
एक ग्राहक व पालक
सातारा

सोबत: बिल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पुस्तिकेतील पानाची आणि ब्रेकची छायाचित्रे