प्रागची थंडी आणि केप्लरचा बर्फ

प्राग, जानेवारी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

‘जानेवारीत प्रागला कोण जातं, आई?’ असं निघताना म्हणाली होतीस. बाबांची परिषद जानेवारीत, म्हणून आम्हीही जानेवारीत. पण आता माझं मत विचारशील तर हे शहर थंडीतच बघावं. आज सकाळी उणे आठ होतं. बाबा नऊला गेले आणि मी दोन स्वेटर, तुझं थर्मल, वर काळा लोकरी कोट असा जामानिमा करून एकटीच बाहेर पडले.

फोटो मागू नकोस. निम्म्याहून जास्त चार्ज असलेला फोन पुलावर पोचेपर्यंत मान टाकून बसला. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, हे इतकी वर्षं वर्गात शिकवलं. प्रात्यक्षिक आज झालं. आतल्या खिशात अंगाशी धरला, तेव्हा कुठे शुद्धीवर आला.

हा पूल म्हणजे चार्ल्स पूल. चौथ्या कार्ल राजाने १३५७ मध्ये बांधायला घेतला. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, त्यातले बरेचसे आता प्रतिकृती. उन्हाळ्यात म्हणे इथे पाय ठेवायला जागा नसते. आज मी, चार-दोन माणसं आणि कलकलाट करणारे सीगल. खाली व्हल्टावा नदी मात्र वाहती होती. पूर्वी ती गोठायची, बर्फाच्या लाद्या कापून नेत. वरच्या अंगाला धरणं झाल्यापासून तळाचं कमी थंड पाणी सोडतात, त्यामुळे आता क्वचितच गोठते.

आणि ह्याच पुलावर केप्लरच्या कोटावर बर्फ पडला होता! आपला ग्रहांच्या नियमांचा केप्लर. १६०० मध्ये तो खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या हाताखाली काम करायला प्रागला आला. पुढच्याच वर्षी टायको गेला आणि सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा गणिती म्हणून ह्याची नेमणूक झाली. हुद्दा मोठा, पगार कायम थकलेला. नवीन वर्षाला आपल्या आश्रयदात्याला भेट काय द्यावी, खिशात तर दमडी नाही, ह्या विवंचनेत पुलावरून जाताना कोटावर हिमकण पडले. सगळे सहा कोनांचे. झालं, भेट मिळाली! १६११ मध्ये त्यावर छोटीशी पुस्तिका लिहून त्याने तीच नजर केली.

प्रश्न एकच: सहाच का? पाच का नाहीत, सात का नाहीत? त्यासाठी तो मधमाशांचं पोळं बघतो, डाळिंबाचे दाणे बघतो, गोळे एकावर एक कसे रचले की कमीत कमी जागा लागते ते बघतो. फळवाला संत्र्यांची रास रचतो तीच रचना सगळ्यात दाट, असं त्याने म्हटलं. ते सिद्ध करायला गणिती थॉमस हेल्स यांना १९९८ उजाडलं. हिमकणाचं कोडं काही त्याला सुटलं नाही, ते त्याने रसायनशास्त्रज्ञांवर सोपवलं. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी कड्यांत बसतात, हे क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आत डोकावता आलं तेव्हा, म्हणजे विसाव्या शतकात कळलं.

मधूनच भुरभुर सुरू झाली तशी मी बाही पुढे करून उभी राहिले. बहुतेक कण मोडके, एकमेकांत अडकलेले. मग एक आला, जेमतेम मोहरीएवढा: सहा हात, प्रत्येकाला बारीक काटे, एका हाताचं टोक तुटलेलं. नीट बघायला वाकले, तर माझ्याच श्वासाने विरघळला! पुढच्या वेळी श्वास रोखून बघितलं. एक काका थबकून माझ्याकडे बघत होते. ह्या बाईचं काय हरवलंय असं वाटलं असेल बिचाऱ्यांना.

बाकी जुन्या चौकातलं १४१० सालचं खगोलीय घड्याळ पाहिलं. तासाला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे प्रेषित फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो. सगळे तेवढ्यासाठी माना वर करतात. मला आवडलं ते बाहेरचं फिरतं कडं. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. जुन्या बोहेमियात, म्हणजे ह्या प्रांतात, तास सूर्यास्तापासून मोजत, तेच हे कडं दाखवतं: २४ वाजले की सूर्य बुडाला. सध्या साडेचारच्या आतच मावळतो, त्यामुळे भर दुपारी बाराला ते कडं एकोणीस उलटून गेल्याचं दाखवतं. शेजारीच टीन नावाच्या चर्चमध्ये टायकोची कबर आहे, पण दार बंद होतं. उद्या परत जाईन.

दुपारी किल्ल्यावर जायला २२ नंबरची ट्राम घेतली. सीटखालून ऊब येत होती, उतरावंसंच वाटेना. कॅथेड्रलमध्ये बाहेरच्याइतकीच थंडी, दहा मिनिटांत पाय बधिर. मग लसणाचं सूप प्यायले, चेस्नेच्का म्हणतात, मांसाचं नाही ना हे आधी विचारून. बटाटा, वरून पावाचे तळलेले तुकडे. कोपऱ्याकोपऱ्यावर ‘पारंपरिक’ म्हणून ते त्र्देल्निक नावाचे गोल गोड पाव विकतात त्यापेक्षा हे सूप दसपटीने खरं.

बाबा आले, थांबते. अभ्यासाची आबाळ करू नकोस, आणि डबा आवडला नाही तरी संपव.

तुझी,
आई

ता. क. मी एकटी फिरतेय हे आजीला सांगू नकोस. बाबा बरोबर असतात असंच तिला वाटतंय.