विज्ञानकथा फक्त दिवाळीपुरती का?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की विज्ञानकथा, गूढकथा आणि भयकथा यांना एकाएकी मागणी येते आणि अंक रद्दीत गेले की पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांचे कोणी नाव काढत नाही. नव्याने लिहिणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, त्यांत नामवंतांची पाने आधी राखलेली असतात आणि सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या नवख्याची कथा नाकारली गेली तर ती का नाकारली हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. वर्षातून एकदाच, तीही मिळाली तर, अशा संधीवर कोणाचाच हात बसत नाही. म्हणून आम्ही काही मंडळींनी विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि त्याच जातकुळीची कविता यांना वाहिलेले एक छोटे त्रैमासिक सांगलीतून काढण्याचे ठरवले आहे. हे पत्र त्यामुळे सर्वस्वी निरपेक्ष नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जाहिरात होऊ नये म्हणून अंकाचे नाव मात्र येथे देत नाही.

मासिक काढायचे तर पुण्या-मुंबईत बसून काढावे, इथे कोण विचारतो, असे आम्हाला अनेकांनी ऐकवले. त्यांना आमच्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची आठवण करून द्यावीशी वाटते. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ ही मुळात कारखान्याची पत्रिका; तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि ‘स्त्री’ 1930 मध्ये व ‘मनोहर’ 1934 मध्ये त्याच वाडीतून निघाले. नांगर बनवणाऱ्या, तेव्हाच्या औंध संस्थानातल्या एका माळावरून ही मासिके साऱ्या महाराष्ट्रात जात होती. अर्थात त्यांच्यामागे कारखाना होता आणि आमच्यामागे नाही, हा फरक लहान नव्हे.

विषयांची वाण तर या भागात मुळीच नाही. तरीही नवोदितांच्या विज्ञानकथेतले यान हटकून अमेरिकेत उतरते आणि शास्त्रज्ञाचे नाव तेवढे मराठी असते. सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांत पाठ असते. ऑगस्ट 2019 मध्ये ती 57 फुटांच्या वर गेली तेव्हा कोणाच्या घरात पाणी कुठवर होते, हे आजही भिंतीवर हात ठेवून दाखवले जाते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे घ्या. अरुंद तोंडाच्या आणि आत रुंद होत गेलेल्या या जमिनीखालच्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकते, पण पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. आतली हवा श्वास घेण्याजोगी नसते, म्हणून तोंड बराच वेळ मोकळे ठेवावे लागते. 2005 च्या महापुरात यातल्या कित्येक पेवांत पाणी शिरले. अशा एखाद्या विसरलेल्या पेवात आणखी शंभर वर्षांनी काय सापडेल, एवढा एक प्रश्न कथेला पुरेसा आहे, आणि तो विचारायला हरिपूरची वाट पायाखालची असलेला लेखकच हवा.

कवितेबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. आपल्याकडे मासिकात कविता बहुधा कथेखाली उरलेल्या जागेत जाते, आणि ‘प्रातिनिधिक’ म्हणवणाऱ्या अनेक संग्रहांत तर कवीकडूनच सहभाग शुल्क घेऊन त्याला दोन पाने आणि एक सन्मानपत्र दिले जाते. हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. कवितेला स्वतंत्र पान, लेखकाकडून एक पैसाही न घेणे आणि पहिल्या अंकापासून मानधन, मग ते चहापाण्यापुरते का असेना, हे आम्ही ठरवून टाकले आहे. साहित्य निवडताना लेखकाचे नाव झाकूनच वाचले जाईल. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेला डॉ. जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती आणि ती पहिली आली, हे सर्वश्रुत आहे. इतक्या मोठ्या माणसाला आपले नाव बाजूला ठेवावेसे वाटले, तर संपादकाला लेखकाचे नाव पाहिल्यावाचून निवड करायला हरकत कसली?

कामातल्या किरकोळ कटकटी पुष्कळ आहेत. लेखक युनिकोडमध्ये मजकूर पाठवतात, डीटीपीवाले आपल्या जुन्या फॉन्टमध्ये तो बदलून घेतात आणि त्या बदलात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द हमखास मोडतात. प्रुफे तीनदा वाचूनही एखादा निसटतोच. नियतकालिकाच्या नोंदणीचे काम त्या मानाने सुकर झाले आहे. 1867 च्या कायद्याच्या जागी आलेला 2023 चा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाल्याने शीर्षकाचा आणि नोंदणीचा अर्ज ऑनलाइन एकत्रच करता येतो. टपालाचे तसे नाही. पुस्तकांसाठी 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू झाली, तिचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर कर असा आहे; मात्र ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने तीत बसत नाहीत. म्हणजे तोच मजकूर पुस्तक म्हणून पाठवला तर सवलत, आणि त्रैमासिक म्हणून पाठवला तर नाही. लहान नियतकालिकांसाठी हा नियम शिथिल करावा, अशी मागणी खासदारांनी टपाल खात्याकडे जरूर लावून धरावी.

राहिला प्रश्न वर्गणीदारांचा. जिल्ह्यातल्या अनुदानित वाचनालयांनी प्रत्येकी एका अंकाची वर्गणी भरली तरी छपाईचा बराच भार हलका होईल. एका ग्रंथपालांनी आम्हाला ‘अंक भेट द्या, आनंदाने ठेवू’ असे सांगितले. अनुदान वेळेवर येत नसल्याने त्यांचाही हात आखडतो, हे आम्ही जाणतो. परंतु भेट अंकांवर कोणतेही नियतकालिक दुसरे वर्ष पाहत नाही.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की रविवारच्या पुरवणीत दिवाळी अंकांना जशी जागा मिळते तशी तीन महिन्यांतून एकदा लहान नियतकालिकांच्या परीक्षणालाही मिळावी. कौतुक करा असे आमचे म्हणणे नाही. कोणती कथा फसली आणि कुठे फसली, हे परीक्षकाने नेमके दाखवले तरी लिहिणाऱ्याला ते हवेच आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली