सूचना : हॉट योगा ३० दिवस, दुसरा आठवडा

नमस्कार मंडळी,

उद्यापासून आपल्या आव्हानाचा दुसरा आठवडा सुरू होतोय. गळती लागते ती याच आठवड्यात, म्हणून मुद्दाम लिहितेय.

वर्ग नेहमीचाच : ९० मिनिटं, २६ आसनं, २ श्वसनप्रकार, खोली ४० अंशांच्या आसपास. दहा मिनिटं आधी या आणि नुसतं पडून राहा, म्हणजे अंगाला उष्णता सावकाश सोसते.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. ऐनवेळी बाटली रिकामी केली की पोट डचमळतं. घामासोबत मीठही जातं, म्हणून नंतर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घ्या. जेवण दोन-तीन तास आधी उरका. चक्कर, मळमळ किंवा धडधड वाटली तर लगेच खाली बसा. बरं वाटलं नाही तर सरळ बाहेर या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. गर्भवतींनी हे आव्हान घेऊ नये.

आपल्यातल्या एक ताई पहिल्या दिवशी सारख्या दाराकडे बघत होत्या. काल त्या एका पायावर उभ्या होत्या, नजर आरशात, नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता, पण पुसायला हात हलला नाही. मला ही खरी प्रगती वाटते. कपाळ गुडघ्याला टेकलं का, हे मी बघतच नाही.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वर्ग करू नका, शेवटी एक दिवस वाढवून घ्या. मोठा टॉवेल आणा आणि जाताना तक्त्यावर सही करा.