तुम्हीही आई आहात ना!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीतला घरून व्यवसाय करणाऱ्या आयांवरचा पानभर लेख वाचला. काल दिवसभर लिहू की नको चाललं होतं. आज दुपारी नातू झोपला तेव्हा वही काढली. चौघींचे फोटो छान आले आहेत. त्यांच्यापैकी एकीशीही माझा कधी व्यवहार झालेला नाही, तेव्हा त्यांनी पुढचं काही अंगाला लावून घेऊ नये. पण घरच्या व्यवसायाला वेळेचं बंधन नाही आणि परवान्याची कटकटही नाही, असं लेखिकाबाईंनी मोठ्या कौतुकानं लिहिलंय, तिथे माझा चहा गार झाला.

परवान्याचं आधी उरकते, कारण माझं खरं दुखणं दुसरंच आहे. खाण्याची वस्तू विकायची तर ती कारखान्यात झाली काय नि घरच्या ओट्यावर झाली काय, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. छोट्यांसाठी ती सोपी आहे, घरबसल्या होते आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. तुमच्या लेखातल्या चौघींपैकी तिघी खाण्याचंच विकतात. त्यांच्याकडे तो क्रमांक असेलही. मग लेखात कटकट नाही असं छापून बाकीच्यांना का फसवायचं?

आता वेळेचं. नातवाचं पहिलं बोरन्हाण होतं. ते संक्रांत ते रथसप्तमी एवढ्यातच करायचं असतं, हे तुमच्या वाचकांना मी काय सांगावं. यंदा रथसप्तमी २५ जानेवारीला, म्हणजे हातात जेमतेम अकरा-बारा दिवस. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, म्हणून तो शेवटचा रविवारच धरला. हलव्याचे दागिने घरी करायचा माझा विचार होता, पण सून म्हणाली, “आई, तुमचे गुडघे बघा आधी. माझ्या ग्रुपमध्ये एक जण करते, दोन वर्षांचं मूल आहे तिला, तिलाच देऊ.” मलाही बरं वाटलं. लेकुरवाळीच्या हाताला चार पैसे मिळतील.

हलवा म्हणजे काय कष्ट असतात ते मला माहीत आहे, मी केलाय. परातीत खसखस, खाली मंद शेगडी, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत बसायचं, दोन-दोन, तीन-तीन दिवस. जरा आभाळ आलं की काटा धरत नाही, आणि बोटं भाजतात ती निराळीच. म्हणून बाळकृष्णाच्या सेटचे, म्हणजे मुकुट, बासरी, हार, बाजूबंद, कंबरपट्टा आणि तोडे मिळून, १४०० रुपये मला जास्त वाटले नाहीत. (शंभर कमी करून बघितले, खोटं कशाला बोलू. तिनं केले नाहीत आणि बरोबर केलं.) २ तारखेला ७०० रुपये आगाऊ पाठवले. “२० पर्यंत नक्की, काकू”, असा मेसेज आला. पुढे जोडलेल्या हातांची तीन चित्रं.

२० तारीख गेली. २१ ला म्हणाली उद्या. २२ लाही उद्याच. २३ ला काहीच नाही, नुसत्या दोन निळ्या खुणा. फोन वाजून वाजून बंद. २४ ला, शनिवारी, ह्यांनी स्कूटर काढली आणि इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातून थेट निपानियाला गेले. वय एकाहत्तर. पत्ता काय, तर “टाकीजवळ”. निपानियात टाक्या किती आहेत ते एकदा मोजून या म्हणजे कळेल. तीन टाक्या बघून हात हलवत परत आले. त्याच संध्याकाळी बाईंच्या स्टेटसवर झळकलं: व्हॅलेंटाइन स्पेशल हॅम्पर, बुकिंग सुरू. माझ्या मेसेजला उत्तर द्यायला बोट उचलत नव्हतं, पण लाल फुग्यांचे फोटो चढवायला उचलत होतं.

रात्री साडेदहाला उत्तर आलं. “काकू सॉरी, बाळाला ताप होता. तुम्हीही आई आहात ना, समजून घ्याल.”

संपादक महाशय, हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात फिरतंय. ताप येतो. लेकराला ताप आला की बाकी सगळं ओट्यावर तसंच पडतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण “यंदा जमणार नाही” हे तीन शब्द टाइप करायला २१ तारखेचं एक मिनिट लागलं असतं. पुण्याची भाची रात्रीच्या बसनं दागिने पाठवायला तयार होती. ते नाही तर राजवाड्याकडे जाऊन मारोठिया बाजारातून खुला हलवा आणला असता आणि घरीच बसून ओवला असता. मी आई आहे म्हणूनच तर मला आधी कळायला हवं होतं.

मग काय, घरात पूजेसाठी आणलेला पाव किलो हलवा होता तो ओवायला घेतला. शेजारच्या मारवाडी भाभी धावून आल्या, “आंटीजी, टेंशन मत लो” म्हणत त्यांनी मिठाईच्या खोक्याचा सोनेरी पुठ्ठा कापून मुकुट केला. बासरी म्हणजे ज्यूसची नळी, वर चॉकलेटचा कागद. रात्री एकला उठलो. दुसऱ्या दिवशी बोरं, उसाचे करवे, शेंगा, चुरमुरे डोक्यावर पडल्यावर बाळकृष्णानं भोकाड पसरलं आणि रडता रडता कंबरपट्टा खाल्ला. कार्यक्रम झाला. फक्त सगळ्या फोटोंत मुकुटावर मिठाईवाल्याचं नाव उलटं दिसतंय.

माझी आई रामबागेत दोन खोल्यांत डबे करायची. अकरा डबे, सगळे एकट्यानं राहणारे नोकरदार आणि कॉलेजची मुलं. आम्ही चार भावंडं. मी सात वर्षांची असताना मला गोवर आला. सकाळी सहाला आईनं पेन्सिलीनं अकरा चिठ्ठ्या लिहिल्या आणि थोरल्या दादाला पिटाळलं. “घरात गोवर आला आहे. आठ दिवस डबा नाही. तेवढे पैसे कापून घ्यावेत. तोवर देवळामागच्या काकूंना सांगून ठेवले आहे.” फोन नव्हता, सायकलसुद्धा नव्हती, दादा पळत गेला. आठ दिवसांनी अकरापैकी नऊ परत आले. दोघे देवळामागेच रमले. आई त्यावर एवढंच म्हणाली, तिच्या आमटीला चव आहे.

लिज्जतचंही उदाहरण सगळ्यांना पाठ असतं: १९५९ साल, गिरगावातल्या सात बायका, उसने ८० रुपये. तुमच्या लेखातही आहे. पुढचं मात्र कुणी लिहीत नाही. तिथे बाई पीठ घरी नेते, लाटते, आणि लाटलेले पापड ठरल्या वेळी परत आणते, तेव्हा ते तपासून घेतात. त्या बायकांना काय मुलंबाळं नव्हती?

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. नोकरीवाल्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. माझ्या सुनेला मिळाली. घरी हलवा करणारीला एका दिवसाचीसुद्धा नाही, तिचा पगार तीच आणि तिची रजाही तीच. म्हणूनच ह्यांनी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावायला घेतला तेव्हा मीच हात धरला. सातशे रुपयांसाठी पोराच्या आजारपणात तिच्यामागे चौकशी कशाला लावायची? (फोन कापल्यावर हे म्हणाले, मग संपादकांना पत्र तरी कशाला? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.)

पण एक सांगा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेलर आहेत. त्यांची बायको शाळेत शिकवते, म्हणून दुपारी मुलगी दुकानातच असते. काउंटरवर गृहपाठ करते, मापं वहीत लिहून घेते, सुट्टे पैसेही तीच मोजते, आणि बापापेक्षा बरोबर मोजते. त्यांचा ब्लाउज मंगळवारी म्हटला की मंगळवारी. मध्ये मुलीला कावीळ झाली तर शटरवर खडूनं लिहिलं होतं, “दुकान सोमवार तक बंद, जिनको जल्दी है कपड़ा ले जाएँ.” त्यांच्यावर कुणी पानभर लेख लिहिला नाही. “मी बाप आहे, समजून घ्या” असंही ते कधी म्हणाले नाहीत. आयांचं काम म्हणजे हौस, उशिरा झालं तरी गोड मानून घ्यायचं, हे तुमच्या लेखानं न म्हणताच म्हटलंय. हे कौतुक नाही हो. ज्या बायका रात्र जागून वेळेवर देतात त्यांना विचारा, त्यांनासुद्धा हेच ऐकावं लागतं: घरगुतीच ना, थोडं इकडेतिकडे होणारच.

परवा बाईंचा पुन्हा मेसेज आला. ७०० रुपये पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करते म्हणाली. पुढची ऑर्डर कसली? आता राहिलं व्हॅलेंटाइन, आणि ह्यांना गोड बंद आहे.

कळावे,
आपली,
एक आजी
लोकमान्य नगर, इंदूर

ता. क.: पत्र लिहितेच आहे तर आणखी एक. तुमच्या पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय आणि चंद्रोदय अजून मुंबईचेच असतात. आम्ही मुंबईच्या पूर्वेला आहोत, चंद्र आमच्याकडे आधी उगवतो, आणि दर संकष्टीला म्हातारी माणसं तुमचा अंक समोर धरून उपाशी बसतात. हे मी दिवाळीतही कळवलं होतं. उत्तर आलं नाही. तुमच्याही घरी कुणाला ताप होता का? यंदा रथसप्तमीला तुमच्या वेळेला दूध उतू घातलं, तेव्हा सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर येऊन बसला होता.