‘मागे यायचं असेल तर’ ही ओळ लिहिणाऱ्यास

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहू नका, असं तुम्ही म्हणालात, म्हणून लिहीत नाही. माझ्या प्रिंटरचं दुखणं दूर केल्याबद्दल आभार मानू नका, असं मात्र म्हणाला नव्हतात. तेवढ्या फटीतून हे पत्र आत सरकवते आहे.

मी मुद्रितशोधन करते. पुस्तकाची पानं पीडीएफमध्ये येतात, मी ती कागदावर काढते आणि लाल पेन घेऊन बसते. पडद्यावर निसटलेला रफार कागदावर सापडतो, हे या कामातलं कोणीही सांगेल. त्यामुळे प्रिंटर बंद म्हणजे काम बंद. आणि माझा प्रिंटर धड बंदही नव्हता! चाचणीचं पान झकास यायचं, फोटो यायचे, इंग्रजी पीडीएफही यायची. मराठी पुस्तकाची पानं पाठवली की मात्र एकच कागद बाहेर पडायचा. त्याच्या कोपऱ्यात ‘एरर: इनव्हॅलिडफॉन्ट’, खाली ‘ऑफेंडिंग कमांड’ आणि त्याखाली कसलीशी अगम्य अक्षरं. इकडे संगणक शांतपणे सांगायचा, काम पूर्ण झालं.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. प्रिंटरच्या कंपनीच्या मदत केंद्रात ‘संगणकावर विंडोज नाही, लिनक्स आहे’ म्हटल्याबरोबर पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला. त्याची जबाबदारी संपली होती. ओळखीतल्या एका जाणकारांनी छपाईची सगळी यंत्रणाच उडवून पुन्हा घालायला लावली. त्यात दुसऱ्या प्रिंटरची नीट बसवलेली सेटिंगंही गेली, आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहिलं. मग ‘बघतो’ म्हणून जाणकारही गेले. तिसऱ्याने विचारलं, लिनक्स वापरायला सांगितलं होतं कोणी? चौथ्याने निदान काहीतरी दिलं: पान चित्र म्हणून छापायचं. ते छापलं जातं, खोटं कशाला बोलू. पण ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ए४ आकाराच्या एका पानाचे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक पान असं ठिपक्यांचं ओझं घेऊन रांगत प्रिंटरकडे जायचं, आणि बाहेर येताना अक्षरांना करडी झालर लागलेली असायची. अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, हे ठरवायला भिंग घ्यावं लागत असेल तर मुद्रितं तपासायची कशी?

तुमचं पहिलं वाक्य होतं, “तो कागद फेकू नका.” बाकी सगळ्यांनी त्या कागदाकडे प्रिंटर बिघडल्याचा पुरावा म्हणून पाहिलं होतं. तुम्ही तो प्रिंटरचा जबाब म्हणून वाचलात. फॉन्ट समजत नाही असं तो स्वच्छ सांगतोय, मग आधी फॉन्टच बघू, म्हणालात. पीडीएफफॉन्ट्स नावाची आज्ञा चालवली, फॉन्टची यादी आली, आणि ‘एम्ब’ या रकान्यात खालपर्यंत ‘येस’. म्हणजे अक्षरं फाइलच्या पोटातच होती, पानं लावणाऱ्याचा काही दोष नव्हता. (त्या बिचाऱ्याला मी फोन करणारच होते. वाचला.)

पुढचं तुम्ही जसं समजावलंत तसंच माझ्या डोक्यात राहिलं आहे. माझा प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट बोलतो, म्हणजे पान कसं छापायचं ते सांगणारी एक भाषा. पोस्टस्क्रिप्ट १९८४ सालचं, पीडीएफ १९९३ सालची, दोन्ही अडोबीच्याच घरातली. लिनक्सवर पूर्वी छपाईचं काम पोस्टस्क्रिप्टच्या रूपात पुढे जायचं. २००६ मध्ये छपाईवर काम करणाऱ्या मंडळींनी ठरवलं की यापुढे ते पीडीएफच्या रूपात न्यायचं, आणि मग हळूहळू सगळं तिकडे वळलं. निर्णय शहाणपणाचाच होता. पण माझ्यासारख्या प्रिंटरसाठी शेवटच्या टप्प्यावर पीडीएफचं पुन्हा पोस्टस्क्रिप्ट करावं लागतं, आणि ते करून देणारे दुभाषे एकाहून जास्त आहेत. त्यांतल्या घोस्टस्क्रिप्टने करून दिलेला देवनागरी फॉन्ट माझ्या म्हाताऱ्या प्रिंटरला कळत नव्हता. पॉप्लर नावाच्या दुसऱ्याने केलेला कळला. दुभाषा बदल, एवढंच कप्सला, म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या यंत्रणेला, सांगायचं होतं. यंत्रणा उडवायची, प्रिंटर बदलायची, काही म्हणजे काही गरज नव्हती.

पण तेवढ्यासाठी मी उघड पत्र लिहिलं नसतं. दुभाषा बदलण्याची युक्ती आज ना उद्या आणखी कोणीतरी सांगितलीही असती.

तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक आज्ञेखाली आणखी एक ओळ असायची: ‘मागे यायचं असेल तर’, आणि पुढे आधीचं सगळं पूर्ववत करणारी आज्ञा. लॉग, म्हणजे छपाईची नोंदवही, बोलका करायची आज्ञा दिलीत, खाली तो पुन्हा गप्प करायची. नवा पर्याय लावायची दिलीत, खाली तो काढून टाकायची. पीडीएफफॉन्ट्सखाली तर तुम्ही लिहिलं होतं, ‘ही नुसती वाचते, काही बदलत नाही. मागे यायची गरज नाही.’ हे वाचून मी खुर्चीत मागे टेकून बसले. किती तरी वेळाने टेकले असेन.

ज्यांना या गोष्टी येतात त्यांना याचं महत्त्व कळेल की नाही, शंका आहे. काळ्या खिडकीत एक ओळ चिकटवायची, सुडोचा, म्हणजे संगणकात हवं ते बदलायची मुभा देणारा, पासवर्ड द्यायचा आणि एंटर दाबायचं, यात जाणकाराला काहीच वाटत नाही. न जाणणाऱ्याने त्या क्षणी आपलं सगळं घर परक्याच्या हवाली केलेलं असतं. ओळीचा अर्थ कळत नसतो, काय तुटेल माहीत नसतं, आणि तुटलं तर सांगणारा माणूस जागेवर असेल याची खात्री नसते. ती नसते हे मी आधीच्या जाणकारांकडून शिकले होतेच. तुम्ही मात्र उद्या स्वतः नसाल हे गृहीत धरून लिहीत होतात. माझी अडचण सुटावी म्हणून झटणारे दोघे-तिघे तरी भेटले, त्यांच्या हेतूबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण आपला उपाय चुकू शकतो, आणि चुकला तर समोरच्याला एकटीला निस्तरावं लागेल, हे आधी मनात आणणारे तुम्हीच.

लॉग पाठवायच्या वेळचंही तसंच. त्यात छापलेल्या फाइलींची नावं येतात, प्रसिद्ध न झालेल्या पुस्तकाचं नाव असेल तर आधी पुसा आणि मग पाठवा, असं तुम्ही न विचारता बजावलंत. मला सुचलं नसतं. प्रकाशक मात्र ते विसरला नसता.

काम झाल्यावर मी धन्यवाद म्हणाले, तर तुम्ही ते दुसरीकडे वळवलेत. कप्सवाल्यांचे माना, म्हणालात. मायकेल स्वीट यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस हे उभं केलं, २००७ मध्ये अ‍ॅपलने ते विकत घेतलं, स्वीट २०१९ मध्ये अ‍ॅपलमधून बाहेर पडले आणि ओपनप्रिंटिंग या गटाने ते पुढे चालू ठेवलं. टिल काम्पेटर यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं केवळ लिनक्सवरच्या छपाईमागे लागलेले आहेत. मानते, त्यांचेही मनापासून आभार मानते. एवढी माणसं एवढी वर्षं खपतात तेव्हा माझ्या टेबलावर एक पान पडतं, हे मला ठाऊकच नव्हतं. पण म्हणून तुम्ही सुटत नाही. माझ्या प्रिंटरचा तो कागद तुम्ही वाचलात, त्यांनी नाही.

सध्या नवा दुभाषा उत्तम चालतो आहे. लॉग पुन्हा गप्प केला आहे. दुसऱ्या प्रिंटरची सेटिंगं मात्र नव्याने बसवावी लागली. ती उडवताना मागे यायची ओळ कोणी दिली नव्हती.

तुम्ही कधी काही लिहून छापायला देणार असाल तर मुद्रितं माझ्याकडे पाठवा. पैसे घेणार नाही, वाद घालू नका. आणि दुरुस्त्या लाल पेनने न करता पेन्सिलीने करीन. पटल्या नाहीत तर खोडून टाका.

तुमची,
एक मुद्रितशोधक